फुकटच्या विजेचं बिल

काशीत मणिकर्णिका घाटाकडून उत्तरेला निघालं की शिंदे घाट, भोसले घाट, जटार घाट, ग्वाल्हेर घाट अशी एकेक मराठी नावं ओलांडत आपण बालाजी घाटावर येतो. पेशवाईतलं हे बांधकाम. इथल्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षं सनईचा रियाज करत. मधल्या काळात वास्तूची पार रया गेली आणि २०१२ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगभरच्या धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत या घाटाचं नाव घातलं. नुकतेच तिथे जाऊन आलेले आमचे एक स्नेही, निवृत्त इंजिनिअर, मात्र वेगळाच विचार घेऊन परतले. म्हणाले, "अहो, दिवसभर माणसं या पायऱ्या चढतात-उतरतात. केवढी शक्ती वाया जाते! प्रत्येकाच्या बुटात, गुडघ्याला, मनगटाला वीज करणारं छोटं यंत्र बसवलं, तर मोबाइलच काय, घाटावरचे दिवेसुद्धा लागतील. आणि तेही फुकटात."

हे मत त्यांचं एकट्याचं नाही. 'चालता चालता मोबाइल चार्ज' ही बातमी दर वर्षी नव्या छायाचित्रासह छापून येते. भांडवल शोधणाऱ्या कंपन्यांच्या चित्रफितींत ती असते आणि स्मार्ट सिटीच्या सादरीकरणांतही असते. ऐकणारा माना डोलावतो, कारण ती ऐकायला निरुपद्रवी वाटते. माझा आक्षेप त्या निरुपद्रवीपणालाच आहे. या मताच्या पोटात तीन गृहीतकं दडलेली आहेत: चालण्यात भरपूर ऊर्जा वाया जाते, ती फुकट मिळते आणि तिचा फायदा ज्यांच्याकडे वीज नाही त्यांना होईल. तिन्ही तपासून घ्यायला हवीत, आणि तपासली की एकही टिकत नाही.

आधी हा भरपूर ऊर्जेचा आकडा कुठून आला ते पाहू. १९९६ साली थॅड स्टार्नर या संशोधकाचा एक लेख 'आयबीएम सिस्टिम्स जर्नल'मध्ये आला. अंगावर वागवायचा संगणक अंगाच्याच शक्तीवर चालवता येईल का, हा त्याचा विषय. श्वास, रक्तदाब, अंगाची ऊब, बोटांची हालचाल या सगळ्यांतून किती वीज निघू शकेल याचं कोष्टकच त्यांनी मांडलं. त्यात सगळ्यांत भरघोस आकडा पावलांचा होता. हिशेब शाळकरी आहे. माणसाचं वजन ६८ किलो, तो सेकंदाला दोन पावलं टाकतो आणि दर पावलाला टाच ५ सेंटिमीटर खाली येते. गुणाकार करा, ६७ वॅट मिळतात. एवढ्यात लॅपटॉप आरामात चालतो. पुढच्या सगळ्या स्वप्नांचं मूळ या ६७ मध्ये आहे.

पण ५ सेंटिमीटर म्हणजे जवळपास तीन बोटं. ही ऊर्जा बुटातून काढायची तर प्रत्येक पावलाला बुटाचा तळ तीन बोटं खचायला हवा. असं चालणं कसं लागतं ते पाहायचं असेल तर नाव करून पलीकडच्या काठावर जावं आणि गंगेच्या कोरड्या रेतीतून अर्धा तास चालून यावं. पोटऱ्याच उत्तर देतील. स्टार्नर हे जाणून होते. त्यांनी स्वतःच त्याच लेखात अपेक्षा ५ ते ८ वॅटपर्यंत खाली आणली. बातम्यांनी मात्र ६७ लक्षात ठेवले आणि पुढचा परिच्छेद गाळला.

मग खरे बूट तयार झाले. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जो पॅराडिसो आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली ते करून दाखवले. तळव्याखाली वाकल्यावर वीज देणाऱ्या प्लास्टिकची पातळ पट्टी, टाचेखाली दाबल्यावर वीज देणारी सिरॅमिकची पट्टी. यालाच पिझोइलेक्ट्रिक म्हणतात: पदार्थावर दाब पडला की त्याच्या दोन बाजूंना विरुद्ध विद्युतभार जमतो. हाती आले सरासरी एक-दोन मिलिवॅट. नंतर सुधारणा करून टाचेतून ८ मिलिवॅटच्या आसपास मिळाले. कागदावरच्या ६७ वॅटचा हा साधारण आठहजारावा भाग. त्या विजेवर बूट काही पावलांमागे एकदा आपली ओळख सांगणारा छोटासा रेडिओ-संदेश पाठवू शकत होता. संशोधन म्हणून हे काम सुंदरच होतं, आणि करणाऱ्यांनी त्याचा गवगवाही केला नव्हता.

आता आपल्या फोनचा हिशेब करू. साध्या स्मार्टफोनच्या बॅटरीत १५ वॅट-तासांच्या आसपास वीज मावते. दोन्ही बुटांतून मिळून १६-१७ मिलिवॅट मिळत असतील, तर ती भरायला जवळपास ९०० तास चालावं लागेल. ताशी ४ किलोमीटरने हे अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या वर जातं. पुणे ते काशी रस्त्याने चौदा-पंधराशे किलोमीटर. म्हणजे पूर्वीच्या लोकांसारखी पायी काशीयात्रा केली, तशीच पायी परत आली, तरी फोन भरलेला नसेल. पुन्हा नागपूरच्या दिशेने चालू लागावं लागेल. आणि हे सगळे महिने फोन बंदच ठेवायचा, ही अट वेगळी.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "ती जुनी गोष्ट झाली, आता नॅनोजनरेटर आलेत." बरं, त्यांच्याकडे वळू. २०१२ साली जॉर्जिया टेकच्या झोंग लिन वांग यांच्या गटाने घर्षणावर चालणारा जनरेटर मांडला. दोन वेगळ्या पदार्थांचे पातळ थर एकमेकांना टेकले, सुटले, घासले की भार इकडून तिकडे जातो. त्यांना जोडलेल्या तारेतून वीज वाहते. कल्पना अस्सल आहे, आणि तिच्यावर जगभर प्रचंड काम झालं आहे. तळहाताने चकती दाबली की शेकडो एलईडी लखकन पेटतात, अशा चित्रफिती तेव्हापासून फिरत आहेत. बघणाऱ्याला वाटतं, प्रश्न सुटला.

त्या चित्रफितीत दोन हातचलाख्या आहेत. पहिली व्होल्टची. 'शेकडो व्होल्ट निर्माण झाले' हे वाक्य खरंच असतं. पण व्होल्ट म्हणजे नुसता दाब, त्याच्या जोडीला प्रवाह किती हे कळल्याशिवाय वीज किती ते कळत नाही. हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर डोक्यावरून काढताना चटचट ठिणग्या उडतात, तिथे हजारो व्होल्ट असतात. त्या स्वेटरवर आजवर कुणी फोन चार्ज केलेला नाही. दुसरी हातचलाखी वेळेची. एलईडी पेटतात ते क्षणाच्या छोट्याशा भागापुरते; डोळ्याला तेवढं पुरतं. आकडा त्या शिखर-क्षणाचा सांगितला जातो, सरासरीचा नाही, आणि तोही 'दर चौरस मीटरला' या हिशेबाने, जेव्हा प्रयोगातला तुकडा पोस्टाच्या तिकिटाएवढा असतो. शास्त्रज्ञांच्या निबंधात या अटी लिहिलेल्या असतात. पुण्याच्या आयसरमध्येही दाबातून वीज देणाऱ्या फेरोइलेक्ट्रिक पदार्थांवर चांगलं काम झालं आहे. तिथला कोणताही निबंध उघडा, मोजमाप कसं केलं ते सगळं त्यात मिळेल. प्रयोगशाळेतून वर्तमानपत्रापर्यंतच्या वाटेवर अटी गळून पडतात आणि आकडा तेवढा पोचतो.

आता 'वाया जाणारी' हा शब्दप्रयोग तपासू. पाऊल पडताना आणि उचलताना जी ऊर्जा खाली-वर होते, तिच्यातला बराच भाग शरीर स्वतःच परत वापरतं. टाचेमागची जाड कंडरा प्रत्येक पावलाला ताणली जाते आणि सुटताना पाऊल पुढे ढकलायला मदत करते. शरीराचा मधला भाग लंबकासारखा वर-खाली होत उंचीतली ऊर्जा गतीत आणि गतीतली उंचीत बदलत राहतो. लाखो वर्षांत घडलेली ही काटकसर आहे. तिच्यातून कुणी वॅट काढून घेतला, तर तेवढा, आणि रूपांतरातल्या गळतीसकट त्याहून बराच जास्त, स्नायूंना भरून काढावा लागतो.

सायकलला डायनॅमो लावलेल्या पिढीला हे शिकवावं लागत नाही. डायनॅमो मागच्या टायरला टेकवला की दिवा लागायचा आणि पेडल तत्क्षणी जड व्हायचं. चढ आला की लोक तो हाताने मागे ओढत आणि अंधारातच सायकल हाणत. तो डायनॅमो होता फक्त ३ वॅटचा. ज्यांनी तो पायांनी अनुभवला आहे, त्यांनी 'फुकट वीज' हा शब्द उच्चारू नये, एवढी तरी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

प्रतिपक्षाचा सगळ्यांत मजबूत मुद्दा मात्र टाळून चालणार नाही. पाऊल पुढे झुलवल्यावर शेवटी त्याला थांबवायला मांडीमागचे स्नायू ब्रेकचं काम करतात. ती ऊर्जा खरोखरच उष्णतेत जाते. तिथेच जनरेटर बसवला तर स्नायूंचं काम हलकं होईल आणि वीजही मिळेल. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाचे मॅक्स डोनेलन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली नेमकं हेच केलं आणि 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलं. गुडघ्याला बांधायचं यंत्र, दोन्ही पायांचं मिळून सुमारे ५ वॅट वीज. मिलिवॅटच्या दुनियेत ही मोठी झेप होती, आणि ब्रेकच्या क्षणीच वीज काढल्यामुळे त्या वेळचा जास्तीचा श्रमही फार कमी पडत होता. पण यंत्राचं वजन होतं दर पायाला १.६ किलो. पायाला बांधलेलं वजन पाठीवरच्या वजनाहून कितीतरी जास्त दमवतं, कारण दर पावलाला ते झुलवावं लागतं. वीज काढण्याचा भार कमी झाला. यंत्र वागवण्याचा भार मात्र मिळालेल्या विजेच्या कित्येक पट निघाला. त्याआधी २००५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे लॉरेन्स रोम यांनी स्प्रिंगांवर टांगलेली पाठपिशवी केली होती, तिने ७.४ वॅटपर्यंत वीज दिली. पाठीवरचं ओझं होतं ३८ किलो.

ही यंत्रं कुणासाठी होती ते पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. ती मुख्यतः सैनिकासाठी होती. त्याच्या पाठीवर ओझं असतंच, त्यात बॅटऱ्या असतातच आणि डोंगरात प्लग नसतो. तिथे हा सौदा परवडू शकतो. बालाजी घाटावर स्नानाला आलेल्या आजींच्या गुडघ्याला तो परवडेल असं मानणाऱ्याने एकदा त्या आजींनाच विचारून पाहावं.

'फुकट'चा हिशेब स्वयंपाकघरात करता येतो. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्सा कामात बदलतात, बाकी घाम आणि उष्णता. त्या कामातला निम्मा भाग विजेत उतरला असं उदारपणे मानलं, तरी एक युनिट विजेसाठी आठ युनिटांचं अन्न लागतं, म्हणजे ७ हजार किलोकॅलरीच्या आसपास. गव्हाच्या पिठात बोलायचं तर सुमारे दोन किलो कणीक. दोन किलो कणकेची किंमत आणि वीजबिलातला एका युनिटचा दर शेजारी ठेवून बघा. माणसाच्या अंगातून काढलेली वीज घरच्या विजेच्या दहापट महाग पडते. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला दोन क्विंटल पीठ जास्तीचं खावं लागेल. त्या पिठासाठी लागणारं पाणी, खत आणि डिझेल हिशेबात धरलं, तर पर्यावरणाच्या नावाने जी वीज विकली जाते तिची पर्यावरणालाही कशी किंमत मोजावी लागते ते कळेल. माणूस हा उत्तम प्राणी आहे, पण इंधन म्हणून तो फारच खर्चिक आहे.

यावर म्हणतील, "लोक तसेही चालतातच ना? वेगळं कुठे जेवताहेत?" मग त्याच लोकांचा, त्याच घाटावरचा हिशेब करू. घाटावर आणि देवळात माणूस चपला काढूनच जातो, तेव्हा वीज करणारा बूट पायऱ्यांच्या कडेला राखण करत बसणार. म्हणून बूट सोडून, याच कल्पनेची दुसरी आवृत्ती घेऊ: पायरीवर बसवायची, दाबल्यावर वीज देणारी फरशी. समजा माणूस ६० किलोचा आहे, फरशी ५ मिलिमीटर खचते आणि चढताना ८० पायऱ्या लागतात. एका पावलातून जास्तीत जास्त ३ जूल, म्हणजे पूर्ण चढणीचे २४० जूलही नाहीत. दिवसाला एक लाख माणसं चढली आणि एक कणही वाया न जाता सगळ्याची वीज झाली, असं मानू. दोन्ही गोष्टी अशक्यच आहेत. एकूण मिळकत साडेसहा युनिट. रुपयांत पन्नासच्या आसपास.

एक लाख माणसांनी प्रत्येक पायरीवर अर्धा सेंटिमीटर जास्त चढायचं, आणि त्यातून पन्नास रुपयांची वीज! शेजारच्या एखाद्या गच्चीवर दोन किलोवॅटची सौर पटलं टाकली तर ती दिवसाला साधारण आठ युनिट देतात, कुणाच्याही गुडघ्याला न विचारता. शिवाय गंगा दर पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या पोटात घेते आणि उतरताना त्यांच्यावर गाळाचा जाड थर टाकून जाते. तो पंपाने पाणी मारून धुवावा लागतो. त्या गाळाखाली फरशीतल्या वायरी आणि सर्किटं किती हंगाम टिकतील, हे सादरीकरणात कधीच लिहिलेलं नसतं. आणि चुनारच्या दगडाच्या ज्या घाटाने एकदा एवढी पडझड सोसली आहे, त्याला वायरींसाठी खोदायचं, हा विचारच कुणाच्या मनात येऊ नये.

आता तिसरं गृहीतक, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत गंभीर: हे गरिबांच्या कामाचं आहे. या भागात सगळ्यांत जास्त हालचाल कुणाची होते? वल्हं मारणाऱ्या मल्लाहांची. मणिकर्णिकेवर चितेची लाकडं वाहणाऱ्यांची. पायरीवर कपडे आपटणाऱ्या धोब्यांची. गल्ल्यांतून ओझी नेणाऱ्या हमालांची. यांच्या हालचालीत उधळपट्टी कुठे आहे? दिवसभर शरीर विकून जगणाऱ्या माणसाचा प्रत्येक हेलकावा आधीच मोजलेला असतो. जास्तीची, रिकामी हालचाल असते ती जिममध्ये पैसे भरून धावणाऱ्याकडे, आणि त्याच्या घरी वीज असतेच. ज्याच्याकडे देण्याजोगी हालचाल आहे त्याला या विजेची गरज नाही. ज्याला गरज आहे त्याच्या अंगात द्यायला काही उरलेलं नाही.

मल्लाहांनी स्वतः काय केलं तेही बघा. संधी मिळताच त्यांनी वल्ह्याच्या जागी डिझेलचं इंजिन बसवलं. आता काशीत हजारभर नावांना सीएनजी इंजिनं बसवण्याचं काम झालं आणि नमो घाटावर तरंगतं सीएनजी केंद्र उभं राहिलं. खांद्यावरचा भार यंत्रावर गेला, यालाच कष्टकरी माणूस प्रगती म्हणतो. जात्यावरच्या ओव्यांचं आपण कितीही कौतुक करू, पण गावात पिठाची गिरणी आली तेव्हा जातं वाचवण्यासाठी कुणा बाईने मोर्चा काढला नाही. अंगावरचा भार यंत्रावर नेण्यात शंभर वर्षं गेली. आता यंत्राचा भार पुन्हा अंगावर आणायचा आणि त्याला नवकल्पना म्हणायचं, हे उलटं चक्र आहे.

हे चक्र उलटं फिरलं की काय होतं, याचा धडा आफ्रिकेत गिरवून झाला आहे. मुलांच्या गोल फिरणाऱ्या चक्राला पंप जोडायचा, मुलं खेळतील आणि पाणी वर चढेल, अशी 'प्लेपंप' नावाची कल्पना दक्षिण आफ्रिकेतून निघाली. २००६ साली अमेरिकेत लॉरा बुश यांच्या उपस्थितीत तिच्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली. हजारो पंप बसवायचे होते. प्रत्यक्षात मुलं कंटाळली, दमली, शाळेला गेली. पाणी तर रोजच लागायचं. मग ते चक्र गावातल्या बायका ढकलू लागल्या. आधीच्या साध्या हातपंपापेक्षा जास्त कष्टाने. 'गार्डियन'ने २००९ मध्ये हिशेब मांडला की ठरवलेल्या लोकसंख्येला पाणी पुरवायचं तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. दिवसाला २४ तास असतात, ही अडचण कुणाच्या लक्षात आली नव्हती. पुढे ही मोहीम गुंडाळली गेली. 'खेळता खेळता' आणि 'चालता चालता' या दोन शब्दप्रयोगांमागे एकच युक्ती आहे: श्रमाला श्रम न म्हणणं. आणि जिथे श्रमाला श्रम म्हणत नाहीत, तिथे मजुरीही कुणी देत नाही.

आपल्याकडे यापेक्षा शहाणं उदाहरण आहे. काही वर्षांपूर्वी ई-चरख्याची चर्चा होती. सूत कातता कातता बॅटरी भरायची आणि रात्री तिच्यावर दिवा किंवा रेडिओ चालवायचा. हेतू चांगलाच होता. पण दिव्याची वीज शेवटी कातणाऱ्या बाईच्याच हातातून निघायची. नंतर दिशा पालटली. वर्ध्याच्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेने सौर चरख्यावर काम केलं आणि २०१८ साली केंद्राने सौर चरखा मिशन सुरू केलं. इथे वीज उन्हातून येते, चरखा ती वापरतो आणि कातणाऱ्या बाईचा हात मोकळा होतो. आधी तिच्या श्रमातून वीज काढायची होती, आता विजेतून तिचे श्रम वाचवायचे आहेत. या दोन वाटांतली कोणती धरायची, याला फार मोठं तत्त्वज्ञान लागत नाही.

मग या सगळ्या संशोधनाला कुलूप लावायचं का? अजिबात नाही. अंगाच्या हालचालीवर चालणारं एक यंत्र अडीचशे वर्षांपासून मस्त चालतं आहे. १७७० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या अब्राहम-लुई पेरले यांनी आपोआप चावी बसणारं घड्याळ केलं. १९२० च्या दशकात जॉन हारवुड यांनी ते मनगटावर आणलं. आपल्याकडे एचएमटीच्या 'कांचन'ने ते लग्नात आहेर म्हणून मिरवलं. १९८८ पासून सायकोने हाताच्या हालचालीवर वीज करून क्वार्ट्झ घड्याळही चालवलं, तेच नंतर 'कायनेटिक' म्हणून गाजलं. हे जमलं, कारण घड्याळाची भूकच एका वॅटच्या दशलक्षाव्या भागाच्या आसपास असते. स्मार्टवॉचला याच्या काही दहा हजार पट लागते, म्हणून त्याला रोज रात्री प्लगला टांगावं लागतं. मनगट दोन्ही घड्याळांना तेच मिळालं. फरक घड्याळांच्या खाण्यात आहे.

या क्षेत्राचा खरा रस्ता इथेच आहे. माणसाच्या अंगातून जास्त वीज पिळण्यापेक्षा यंत्राची भूक कमी करायची. दाबल्याच्या जोरावरच रेडिओ-संदेश पाठवणारी, बॅटरीच नसलेली बटणं आज बाजारात आहेत. मधुमेही माणसाच्या तळव्यावर नेमका कुठे जास्त दाब पडतो ते सांगणारा बुटातला पट्टा, म्हातारं माणूस पडलं तर कळवणारा सेन्सर, हृदयाच्या ठोक्यातूनच थोडी वीज घेऊन बॅटरीचं आयुष्य वाढवणारा पेसमेकर: या सगळ्यांना मायक्रोवॅट किंवा फार तर मिलिवॅट पुरतात. तिथे घर्षणाचा आणि दाबाचा प्रत्येक थेंब मोलाचा आहे. अशा कामात दाबातून निघणारी वीज ऊर्जा म्हणून कमी आणि संदेश म्हणून जास्त उपयोगी पडते. पूर आला, वीज गेली, अशा वेळी हाताने फिरवायचा रेडिओ आणि टॉर्चही घरात असावाच. ट्रेव्हर बेलिस यांनी १९९० च्या दशकात चावीचा रेडिओ केला तो आफ्रिकेत वीज नसलेल्या लोकांपर्यंत एड्सची माहिती पोचावी म्हणून. आणीबाणीत माणूस आनंदाने हात फिरवतो. रोजच्या दिव्यासाठी त्याने तो का फिरवावा?

आमच्या स्नेह्यांचा शेवटचा बचाव असा होता: "तुम्ही उगाच निराशावादी बोलता. मुलांना स्वप्नं तर पाहू द्या." स्वप्नाला माझी हरकत नाही, मोजमाप चुकवण्याला आहे. दर हिवाळ्यात शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात एखादं मूल बुटात पिझोच्या चकत्या चिकटवून येतं, पाय आपटतं, एलईडी लुकलुकतो, टाळ्या वाजतात, वार्ताहर नाव लिहून घेतो. त्या मुलाला कुणीच विचारत नाही की सरासरी किती मिलिवॅट मिळाले, बुटाचं वजन किती वाढलं, चकत्या किती पावलांनंतर फुटल्या आणि तेवढ्याच पैशांची पॉवरबँक काय देते. हे प्रश्न विचारल्याने मुलाचा उत्साह मरत नाही, उलट इथूनच त्याचं विज्ञान सुरू होतं. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर, एक रेझिस्टर आणि एक वही एवढ्यात उत्तर मिळतं. आठवीतल्या मुलीने महिनाभर बूट घालून रोजची नोंद केली आणि शेवटी 'या विजेवर फोन भरायला मला अमुक वर्षं लागतील' असं प्रामाणिकपणे फलकावर लिहिलं, तर सगळ्या सभागृहात तिचंच काम सगळ्यांत पुढचं ठरावं. परीक्षकांनी पहिलं बक्षीस बुटाला देऊ नये, त्या वहीला द्यावं.